चढून गेल्यावर उतरायचं कुठं?

मराठीत माणूस मुक्कामाला 'उतरतो'. डोंगर चढून, धापा टाकत शेवटच्या पायरीवर पोचलेल्यालाही आपण विचारतो, "कुठं उतरलात?" घोड्यावरून खाली आलं, बैलगाडीचं जू सोडलं, डोक्यावरचं गाठोडं भुईवर ठेवलं, की तो मुक्काम. रेल्वेनं जाणारा म्हणूनच 'उतारू' झाला. पाहुण्याची सोय करणं म्हणजे त्याला उतरायला जागा देणं. या शब्दात खोली नाही, खाट नाही, भाडं नाही. ओझं खाली ठेवायला मिळणं, एवढंच आहे.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. क्षेत्र महाबळेश्वरला जायचं ठरलं की आजीचा पहिला प्रश्न भाड्याचा नसे आणि दर्शनाच्या वेळेचाही नसे. वळकटी बांधता बांधता ती विचारी, "उतरायचं कुठं रं?" आणि लगेच पुढचा, "पाणी जवळ हाय न्हवं?" हे दोन प्रश्न एका दमात का येतात, ते मला पुष्कळ उशिरा उमगलं. सातारा-सांगलीच्या डोंगरावरच्या देवस्थानांत यात्रेकरू कुठं राहत आला याचा माग काढत गेलो, तर प्रत्येक टप्प्यावर आधी पाणीच भेटतं, छप्पर मागाहून येतं.

क्षेत्र महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकाच्या आरंभी, १२१५ च्या सुमारास, कृष्णेच्या उगमापाशी एक लहान देऊळ आणि पाण्याचं टाकं बांधलं, असं या स्थानाचा इतिहास सांगतो. राजानं धर्मशाळा बांधली नाही, टाकं बांधलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जिथं मानला जातो तिथं पाण्याची वाण असेल असं कोणाला वाटणार नाही. पण वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा हा माथा उन्हाळ्यात कोरडा पडतो. पाणी सगळं खाली, आमच्याकडे, निघून येतं. ते धरून ठेवलं तरच वर माणसाला रात्र काढता येते.

दुसरं उदाहरण माण तालुक्यातलं, अगदी उलट्या हवेचं. शिखर शिंगणापूर तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आणि चहूकडे दुष्काळी मुलूख. इथल्या शंभू महादेवाला चैत्रात जाणाऱ्या भाविकांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी डोंगरावर मोठा तलाव बांधला. 'शिवभारता'तही त्या तलावाची नोंद आहे. डोंगरावरच्या मुक्कामाची सोय म्हणून कोणी काही केलं त्याच्या वंशावळीत हा तलाव मी धर्मशाळेच्या आधी धरतो. पाणी असेल तर माणूस झाडाखालीही रात्र काढतो. पाणी नसेल तर दगडी वाड्यातूनही उठून जातो.

पाण्यानंतर आली ओवरी. देवळाच्या आवाराला आतून टेकलेली, तीन बाजूंनी भिंत आणि चौथी बाजू उघडी असलेली जागा. दार नाही, त्यामुळे कडी नाही, त्यामुळे कोणाची मालकीही नाही. देवासमोर पथारी टाकायची, पहाटे काकड्याला आवरून घ्यायचं. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात ओवरी पुरे. महाबळेश्वरच्या पावसात मात्र तिचा निभाव लागत नाही. तिथं पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. घरांच्या भिंतीही पावसाळ्यापूर्वी गवताच्या झड्या लावून झाकाव्या लागतात, मग उघड्या ओवरीत कोण निजणार? आपल्या उंच देवस्थानांच्या यात्रा कधी येतात ते पाहा. मांढरदेवची काळूबाई पौषात, महाबळेश्वरची मोठी गर्दी महाशिवरात्रीला, सज्जनगडची दासनवमी माघात, शिंगणापूरची यात्रा चैत्रात. सगळ्या पाऊस उलटल्यावर आणि पुढचा पाऊस येण्याआधी. तिथीला पुराणातली कारणं असतील, मला ती अमान्य नाहीत. पण उघड्यावर निजता येईल असेच हे दिवस आहेत, हेही तितकंच खरं.

याला अपवाद कन्यागताचा. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत येतो आणि गंगा कृष्णेला भेटायला येते, अशी श्रद्धा. हा योग पावसाळा बघत नाही. २०१६ चं कन्यागत ऐन ऑगस्टमध्ये सुरू झालं. आमच्याकडे औदुंबर, हरिपूर आणि पलीकडे नृसिंहवाडी इथं कृष्णा काठ भरून वाहत होती, आणि उगमाकडे जायचं म्हटलं तर धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. कन्यागताला उगमाशी जाणाऱ्यांनी पूर्वीच्या काळी काय केलं असेल? त्यांना छप्पर लागलं असणार, आणि चार भिंतींचं छप्पर एकाच ठिकाणी होतं, क्षेत्रोपाध्यायांच्या घरी.

उपाध्यायाकडे उतरणं ही आपल्या तीर्थक्षेत्रांतली जुनी रीत. गाव, कुळ, आडनाव सांगितलं की उपाध्ये आपली वही काढत. आजोबा-पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्या पानावर सापडे. मग सोप्यात जागा, परसात चूल, विहिरीचं पाणी. निघताना दक्षिणा यथाशक्ती. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर या ठिकाणी हा व्यवहार मोठा वाढला. आपल्या भागात त्याचं ठाणं होतं वाई. डोंगराच्या पायथ्याशी, कृष्णेच्या घाटांवर वसलेलं हे गाव. खालून आलेला यात्रेकरू इथं दम घेई, स्नान-संकल्प करी आणि मग पसरणीच्या चढाला लागे. देव वर आणि उतरणं खाली, अशी ही विभागणी. डोंगरावर फार माणसं मुक्कामाला राहू शकत नाहीत, हे त्यात कोणी न लिहिता मान्य केलेलं होतं.

मात्र ती वही सगळ्यांसाठी उघडत नसे. "तुम्ही कोण?" या प्रश्नाच्या उत्तरावर सोपा मिळणार की अंगण, की वेशीबाहेरचं झाड, हे ठरे. उपाध्यायाच्या घराविषयी हळवेपणानं लिहिताना हे विसरलं तर तो इतिहास खोटा होईल. ज्यांना देवळाची पायरीच बंद होती त्यांना ओवरी कुठली? धर्मशाळाही पुष्कळदा जातवार बांधल्या गेल्या.

आता सज्जनगड. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण मुक्कामाच्या सोयीचा एक लेखी हुकूमच या गडाच्या नावानं आहे. परळीचा हा किल्ला १६७३ मध्ये स्वराज्यात आला. समर्थ रामदास तेव्हा शिवथरला राहत. १६७६ साली शिवाजी महाराजांनी गडाचे हवालदार जिजोजी काटकर यांना पत्र धाडलं. त्याचा आशय असा, की रामदास गोसावी काही दिवस राहायला गडावर येतील, त्यांना गडावर घ्यावं, राहायला घर करून द्यावं, त्यांच्याबरोबरच्या माणसांनाही घ्यावं, आणि त्यांची खाली उतरायची इच्छा होईल तेव्हा जाऊ द्यावं. किल्ला म्हणजे लष्करी जागा. परक्या माणसाला रात्री आत ठेवायचं नाही हा तिथला पहिला नियम. तो एका गोसाव्यासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी बाजूला ठेवायला राजाची आज्ञा लागली. ते पत्र वाचताना माझं लक्ष दर वेळी सोबत्यांपाशी अडतं. थोर पुरुषाची सोय कोणीही करतो. त्याच्या मागून येणाऱ्या, नाव नसलेल्या माणसांची सोय आधी लिहून ठेवणं, ही खरी कारभाऱ्याची नजर.

आणि पुन्हा पाणी. गडावर समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचे दोन प्रचंड तांब्याचे हंडे ठेवलेले आहेत. उरमोडी नदीचं पाणी या हंड्यांतून खांद्यावर घेऊन ते गड चढत, असं परंपरा सांगते. नुसता रिकामा हंडा हलवायला दोघं लागतील. समर्थांच्या शेजघरात त्यांचा पलंग आहे, लोक त्याला हात जोडतात. मी हंड्यांपाशी जास्त वेळ उभा राहतो. गडावर उतरलेल्या प्रत्येक माणसाचं पाणी कोणाच्या तरी खांद्यावरून आलेलं असतं. आज ते नळानं येतं, टँकरनं येतं, एवढाच फरक.

शके १६०३ मध्ये समर्थांनी गडावरच देह ठेवला आणि गड यात्रेचं ठिकाण झाला. पुढं मठाची व्यवस्था अक्कास्वामींसारख्या शिष्यांनी सांभाळली. एका स्त्रीनं सतराव्या शतकात डोंगरावरचा मठ, तिथली जेवणखाणाची आणि आल्यागेल्याची व्यवस्था चालवली, याची नोंद आपण पुरेशी घेत नाही. विसाव्या शतकात श्रीधरस्वामींच्या प्रेरणेनं समर्थ सेवा मंडळ उभं राहिलं. आज संस्थान आणि मंडळ, दोन्हींकडे भाविकाला राहायची सोय होते आणि प्रसादाचं जेवण मिळतं. आमटी-भात आणि गव्हाची खीर. पंगतीत खांद्याला खांदा लावून बसलं की ती खीर कशी लागते, हे ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. 'भक्तनिवास' हा शब्द आता सगळीकडे झाला आहे. त्याचं मूळ मला धर्मशाळेत कमी आणि मठात जास्त दिसतं. धर्मशाळा छप्पर देते, मठ छपराबरोबर ताट देतो आणि दिनक्रमही देतो. पहाटे काकडआरतीला उठायचं, हे त्यात आलंच.

याच डोंगररांगेत एकोणिसाव्या शतकात मुक्कामाची अगदी वेगळी शाखा फुटली. साताऱ्याला असलेला इंग्रज लष्करी अधिकारी लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या माथ्यावर गेला. तिथल्या गार हवेची वार्ता मुंबईपर्यंत पोचली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ती मनावर घेतली आणि १८२९ च्या तहानं सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा इंग्रजांकडे गेली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं गेलं. आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यधाम, मग बंगले, मग बाजार. बाजाराला नाव पडलं मालकमपेठ. जुन्या क्षेत्रापासून हे अंतर जेमतेम सहा किलोमीटर.

या सहा किलोमीटरमध्ये मुक्कामाचा अर्थ बदलला. क्षेत्राकडे माणूस देवासाठी राहत होता, पेठेत हवेसाठी. तिकडे गाव-कुळ विचारत, इकडे भाडं. तिकडे तीन रात्रींहून जास्त राहणं संकोचाचं, कारण मागून येणाऱ्याला जागा मोकळी करायची असते. इकडे जितकं जास्त राहाल तितकं मालकाला बरं. तरी दोन गोष्टींत मालकमपेठेलाही जुन्यांचंच ऐकावं लागलं. पावसाळा लागला की साहेबांचं बिऱ्हाड खाली उतरे, मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम हलवला जाई. आणि पेठेला पाणी पाहिजे म्हणून १८४२ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी वेण्णा तलाव बांधवला. आज त्यात नावा फिरतात आणि काठावर मक्याची कणसं भाजली जातात. मूळ तो तहानेचा तलाव आहे, मालोजीराजांच्या तलावाचा धाकटा भाऊ.

हिमालयातली रीत याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. केदार-बदरीच्या पायवाटेवर थोड्या थोड्या अंतरावर 'चट्टी' असे. दुकानदाराकडून पीठ-डाळ-लाकूड घ्यायचं, मग रात्रीच्या निवाऱ्याचे वेगळे पैसे नाहीत. मुक्काम शिध्याला चिकटलेला. आपल्याकडे तो पंगतीला चिकटला किंवा उपाध्यायाच्या वहीला. त्या वाटेवरही लोक चट्टीत थांबत थांबत चढत, म्हणून माथ्यावर एकाच रात्री सगळे गोळा होत नसत.

जातीच्या भिंतीचा प्रश्न अर्धवट सोडला होता, तिकडे येतो. तिला विसाव्या शतकात ज्यांनी धडका दिल्या त्यांतले दोघे आपल्याच भागाशी बांधलेले आहेत. गाडगे महाराजांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या, त्याही नाशिक-पंढरपूरसारख्या गर्दीच्या क्षेत्रांत, गरिबाला अंग टाकता यावं म्हणून. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली निजवली, एका पंगतीत जेववली. बोर्डिंग हे यात्रेचं ठिकाण नव्हे, हे खरं. पण "तुम्ही कोण?" हे न विचारता माणसाला उतरू देणारी जागा आमच्या मुलखात आधी तिथं दिसली, म्हणून या वंशावळीत मी तिला बसवतो. पुढं १९५४ मध्ये कराडला जे महाविद्यालय निघालं त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचं नाव दिलं, हे उगीच नव्हे.

शिंगणापूरला आजही पाण्याचा आणि मुक्कामाचा जुना संबंध डोळ्यांनी दिसतो. चैत्र शुद्ध अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं. द्वादशीला सासवडकडची, तेल्या भुतोजीची म्हणून ओळखली जाणारी मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटानं चढते. घाट कसला, उभा कडाच. माणसांची साखळी करून कावड वर ओढतात. या कावडी गावोगाव मुक्काम करत येतात आणि मुक्कामाचं गाव त्यांना जेवू घालतं. कोणी खोली मागत नाही. कावड टेकवायला जागा, पाण्याची सोय, भाकरी-आमटी, आणि उघड्या माळावर चैत्राचं चांदणं. ओझं खाली ठेवणं हा 'उतरण्या'चा मूळ अर्थ इथं शाबूत आहे.

मांढरदेवीचं लिहिताना मात्र हात जड होतो. वाई तालुक्यातलं हे ठाणं साडेचार हजार फुटांहून उंच. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. देवळाकडे जाणाऱ्या अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरडे झालेले दगड. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या, सुमारे तीनशे माणसं गेली. त्यात माणदेशातली, कर्नाटकातली, पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधली साधी माणसं होती. पूर्वी यात्रा म्हणजे पालं ठोकून चार दिवस डोंगरावर आणि पायथ्याशी पसरून राहणं. रस्ता आणि गाड्या आल्या, तशी तीच माणसं, त्याहून कितीतरी पट, एका दिवसाच्या मापात कोंबली गेली. ज्याला रात्री थांबायला जागा आहे तो गर्दी ओसरेपर्यंत धीर धरतो. ज्याला संध्याकाळच्या आत खाली उतरायचं आहे तो पुढं रेटतो. दुर्घटनेची कारणं अनेक होती, पण हे त्यांत होतं असं मला वाटतं.

रस्त्यानं काय केलं याचं हिशेबाचं पान फार मोठं आहे. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत डोंगरांवरच्या देवळांपर्यंत पोचली. म्हाताऱ्यांना देव दिसला, ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या आजीला तिच्यामुळेच उगम पाहता आला. पण सकाळी जाऊन रात्री परत येता येऊ लागलं आणि मुक्कामच आटला. उपाध्यायांच्या वहीची पानं थांबली. ज्यांना खरंच राहायचं होतं त्यांनी मालकमपेठेतलं लॉज धरलं, आणि यात्रा व सहल यांतली रेघ पुसत गेली. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची, एमटीडीसीची, स्थापना १९७५ ची. तिच्या निवास-न्याहारी योजनेनं गावातल्या घरमालकाला पुन्हा पाहुणा ठेवायला शिकवलं.

जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि नव्या बांधकामांवर बंधनं आली. हॉटेलवाल्यांची त्यावर नाराजी असते, गावकऱ्यांच्याही काही तक्रारी रास्त आहेत. वडिलोपार्जित घराला एक खोली वाढवायला कागदांची थप्पी लागावी, हे बरं नव्हे. तरी मी या बंधनांच्या बाजूनं आहे. पाच नद्यांच्या उगमावर किती माणसांनी रात्री राहावं याला मर्यादा हवी, आणि ती आमच्यासाठी हवी, खाली सांगली-मिरजेपर्यंत त्याच पाण्यावर जगणाऱ्यांसाठी. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला महापूर आला तेव्हा नदीला टेकून बांधलेल्या निवाऱ्यांचं काय झालं ते साऱ्या देशानं पाहिलं.

क्षेत्राच्या आसपासच्या गावांत आता घरगुती मुक्काम मिळतो. पाटीवर 'होमस्टे' असतं. घरधनीण नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी करते, चुलीवरचं पाणी आंघोळीला देते. पैसे आधी मोबाइलवर पोचलेले असतात, आणि तरी चहा पुढं करताना ती विचारते, "कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?" गेल्या खेपेला मी गावाचं नाव सांगितलं तर तिनं पटकन म्हटलं, "म्हंजे आमच्याच पाण्यावरचं की." खोलीत गाद्या तीन होत्या, आम्ही पाच होतो. तिनं आतून दोन वाकळा आणून दिल्या आणि त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

महाबळेश्वराच्या देवळात गाभाऱ्याशी देवाचा पलंग आहे, त्रिशूळ आणि डमरू आहे. देव रात्री इथं विश्रांतीला येतात, सकाळी अंथरुणाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात, असं तिथले लोक सांगतात. आजीनं हे ऐकलं तेव्हा ती त्या पलंगाकडे बराच वेळ बघत राहिली होती. संध्याकाळ उलटून गेली होती, धुकं पायरीपर्यंत आलं होतं. बाहेर एकेक गाडी दिवे लावून मालकमपेठेकडे वळत होती. आत देवाचं अंथरूण घालून दार लावायची वेळ झाली होती. पुजाऱ्यानं आम्हाला विचारलं, "तुमी कुठं उतरलाय?"